न प्यायलेलं सरबत

शब्दांची कुळं सांगायची मला फार हौस. कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे ऐकणारेही आयते मिळतात. उठून जाता येत नाही बिचाऱ्यांना.

मागच्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला दिग्रसच्या बाजारातून मिरवणूक निघाली होती. बौद्ध वस्तीतल्या बायकांनी दरवर्षीसारखा सरबताचा स्टॉल लावला होता. येईल त्याला ग्लास, पैसे नाहीत. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी तिथं होती. तिनं हाक मारली आणि तिच्या आईनं पिंपातून लिंबाचं सरबत काढून स्टीलचा ग्लास माझ्या हातात दिला.

मी प्यायलो नाही, बोलत सुटलो. सरबत मूळचं अरबी. ‘शर्ब’ म्हणजे पिणं, प्यायचं ते सरबत. शराब त्याच घरातली, आणि खोकल्याचं सिरपही देशोदेशी फिरून आलेलं त्याच घरचं. पोरं हसली. मला वाटलं, काय रंगलंय!

तिची आई तेवढी ग्लासाकडे बघत होती. “सर, बर्फ वितळून राह्यला. प्या ना आधी.”

घसा बसलाय, असं मी सांगितलं. एवढं व्याख्यान झोडल्यावर! मग थोडं पुढे जाऊन, कडुलिंबाखाली पाठ वळवून, ग्लास ओतून टाकला. घसा ठणठणीत होता. लहानपणी आमच्या घरी त्या वस्तीतल्या माणसांसाठी वेगळी कपबशी असायची, कोनाड्यात उपडी ठेवलेली. त्या कपबशीविरुद्ध मी वर्गात तावातावानं बोललो आहे. आणि त्या दिवशी हात ओठांपर्यंत गेला नाही. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे.

वळलो तर ती मुलगी उष्टे ग्लास गोळा करत मागेच उभी. माझ्या हातातला ग्लास तिनं घेतला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली. कागदाच्या पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या. घशासाठी आईनं पाठवल्यात, म्हणाली. मला मान वर करवेना. माफी मागावी असं फार वाटलं, पण मी हजेरीपटाची पानं उलटत राहिलो.

तिनं पुडी माझ्यापुढे सरकवली.

“घ्या सर. मी तिले काई सांगतलं नाई.”