दुखत होतं एक, सांगितलं भलतंच

स्वतःची फजिती कशी करून घ्यायची हे कोणाला शिकायचं असेल, तर मला विचारा. मला त्यासाठी एकच शब्द पुरला.

झालं असं, की बसलं की मला योनीच्या तोंडाशी आग व्हायची. तिखट लागल्यासारखी. कंपनीच्या बसने हिंजवडीला पोचेपर्यंत डोळ्यांत पाणी. आता हे सांगणार कोणाला? मॅनेजरने विचारलं, मीटिंगमध्ये उभी का असतेस? मी म्हटलं, पाठ दुखते.

संपलं. ऑफिसने मला उभं राहून काम करायचं टेबल दिलं. टीममधल्या एकाने आपला कमरेचा पट्टा आणून दिला, तो मी इमानदारीत बांधायला लागले. घरी सासूबाईंनी नारायण पेठेतून मालिशवाल्या बाई शोधून आणल्या. त्यांनी माझी धडधाकट पाठ अशी रगडली, की पुढचे दोन दिवस ती खरोखर दुखत होती.

बरं, डॉक्टरकडे गेले नव्हते असंही नाही. पण तिथेही जीभ अडखळली आणि आगीच्या जागी मी खाज म्हणून मोकळी झाले. मलम मिळालं. लावलं की आग दुप्पट. मग दुसरं मलम. तपासण्या सगळ्या स्वच्छ. मला वाटायला लागलं, आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "खाज की आग? सावकाश सांगा."

सांगितलं. त्यांनी कापसाच्या काडीने नुसता स्पर्श केला आणि मी तपासणीच्या टेबलावरून पडता पडता वाचले.

"इन्फेक्शन नाही हे. तिथली नस चिडली आहे. तुमचं दुखणं खरं आहे आणि त्यावर उपचार आहेत."

खरं आहे म्हटल्यावर मला रडूच आलं. मग नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या, तिथले स्नायू सैल करायचे व्यायाम. एक पाऊल पुढे, अर्धं मागे करत आग उतरायला लागली.

एका संध्याकाळी चहा घेताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, अगदी नेमक्या शब्दांत. मला वाटलं, त्या लाजतील. त्यांनी शांतपणे बिस्किट संपवलं.

"आता बरं आहे ना?"

"खूप."

"आणि पाठ?"

"पाठीला काही झालंच नव्हतं."

"असं का," सासूबाई म्हणाल्या. "मग वर्षभर तुमच्या खोलीची फरशी मी कशासाठी पुसतेय?"