ऐकणाऱ्यांकडे बघणाऱ्या बाई

उरणच्या आमच्या कंटेनर यार्डात त्या बाई आठवडाभर येत होत्या. कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सकाळी माझी मिटिंग सुरू झाली, की त्या चहाचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभ्या राहायच्या. पेन केसांत खोचलेलं, ते कधी खाली उतरलंच नाही. चहा हातातच गार व्हायचा. आणि नजर माझ्याकडे चुकूनही नाही! मी इथे घसा कोरडा करतोय आणि ह्या बघतायत तरी कुणाकडे?

शेवटच्या दिवशी विचारलंच. त्या हसल्या.

"बोलणारा ऐकू येतोच की. बोलायला तोंड उघडून जो परत मिटतो, त्याला मी शोधते."

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा होता. बोलता बोलता मीच समोरच्या चेहऱ्यांकडे पाहू लागलो. जुन्या क्रेनवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी थांबलो.

"काय दादा? बोला ना."

"साहेब, क्रेनचा ब्रेक उशिरा लागतो. रोज सांगाचं म्हनतो. पन तुमचं बोलनं संपतं, तवा मिटिंगच संपते."