नकाशातलं राखीव पाणी

माझे सासरे तरुणपणी इंग्रज साहेबाच्या जमीन-मोजणीत मापाची साखळी धरायचे. काम संपल्यावर साहेबाने त्यांना एक नकाशा दिला होता, कापडावर चिकटवलेला. घड्या घालून घालून पिवळा पडला, पण आमच्या डोंगराच्या रेघा अंगठ्याच्या ठशासारख्या स्पष्ट होत्या. जिथे झरा, तिथे निळा ठिपका.

ऐंशीनंतरची गोष्ट सांगते. आमची बौद्धवाडी भिवंडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. विहीर आटली की आम्ही बायका वरच्या झऱ्यावर जायचो. त्या उन्हाळ्यात जंगलाच्या गार्डने काट्या टाकून वाटच बंद केली. म्हणे, अर्ज करा.

मी नकाशा घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेले. झऱ्याच्या ठिपक्याभोवती हिरवा रंग आणि दोन इंग्रजी अक्षरं. गुरुजींचा वर्ग सुरू होता. "राखीव," एवढंच म्हणून ते आत गेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. राखीव म्हणजे आपलंच की! धाकट्या दिराला नोकरी राखीव जागेवरच लागली होती. मी शाळेत गेलेली नाही, पाटीवर गिरवून शिकले, तरी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला: 'सदर झरा राखीव असल्याने आम्हा बौद्धवाडीच्या बायकांस मिळावा.'

चार खेपा घातल्या. भिवंडीत धामणकर नाक्यावर रिक्षा बदलायची, जंगल खात्याच्या ऑफिसात पोचावं तर साहेब जेवायला गेलेले. चौथ्या खेपेला कारकुनाने अर्ज वाचला, हसला, शेजारच्या टेबलावर दाखवून आला.

"बाई, राखीव म्हणजे सरकारने राखलेलं जंगल. आत पाय ठेवायला बंदी. तुम्हीच तसं लिहून दिलंय."

"मग आमच्यासाठी राखीव ते काय?"

"ते दुसरं खातं."

घरी येऊन मी नकाशा सासऱ्यांपुढे आपटला. "ही हिरवी हद्द घातली कोणी?"

"साखळी माझ्याच हातात व्हती, बाय," ते म्हणाले. "झरा आत घेतला तवा इचारलं मी साहेबाला. राखनार हाय, म्हनला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मला वाटलं, आपल्यासाठीच राखतो."

मीही तेच समजले होते, अर्ज माझ्याच अक्षरात होता. एका हातात हंडा घेतला, दुसऱ्या हातात कोयता, आणि काट्या तोडायला वर गेले.