पारी तिची, सारण माझं

"पिठाला छळू नगा की!"

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत हे वाक्य घुमायचं, आणि बोलणारीचे डोळे बरोबर माझ्यावर असायचे. बोलणारी म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी. आवाज असा की नळाला पाणी आल्याचं गल्लीला नळाआधी त्यांच्याकडून कळायचं. त्यांची दोन्ही पोरं पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायची. मॅच असली की वहिनी गॅलरीतूनच त्यांना ओरडून धाडायच्या, "हरून आलासा तर जेवण न्हाय!" हरून आली तरी ताटं वाढलेली असायची, ते सोडा.

तुमच्याही शेजारात अशी एखादी असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

नव्वदीच्या त्या वर्षांत करंज्या एकटीनं करायची पद्धत नव्हती. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पोळपाट-लाटणं काखेत मारून निघायचं. मी तेव्हा चाळिशीतली, अंगात जोर भरपूर आणि घमेंड त्याहून जास्त. करंजीचं पीठ मी वरवंट्यानं कुटत असे, कुणाचा तरी सूड घेतल्यासारखी. "माझ्या करंज्या महिनाभर टिकतात," असं सांगत फिरायची. टिकतील नाही तर काय! खायला धजणार कोण?

आणि वहिनींची करंजी? नुसतं बोट लावलं की पापुद्रे सुटायचे. आमच्या ह्यांना आमटीत मीठ नसलं तरी कळत नसे, पण वहिनींची करंजी खाताना डोळे मिटायचे.

"काय हलकी आहे गं!"

"आत सारणच घातलं नसेल," मी म्हणायची.

सगळ्यात राग कशाचा यायचा सांगू? वहिनी काही लपवायच्या नाहीत. जी विचारेल तिला सांगायच्या. मैद्यात मूठभर बारीक रवा. थिजलेलं तूप, गरम मोहन नव्हे. बोटांच्या टोकांनी चोळायचं, मूठ वळली की थांबायचं. पाणी माठातलं, शिंपडल्यासारखं. पीठ गोळा झालं की ओल्या फडक्याखाली झाकायचं आणि आपण गप बसायचं. मग पोळ्या लाटून, मधे तूप नि तांदळाच्या पिठाचा साटा फासून, गुंडाळी करून कापायची. "झालं की! ह्यात काय हाय अवघड?"

माझा विश्वासच बसेना. मी स्वतः माझ्या सारणाची कृती सांगताना जायफळ वगळायची. सारण माझं गल्लीत पहिलं होतं आणि ते मला पहिलंच ठेवायचं होतं. मग ही बाई सगळं कसं सांगेल? काहीतरी गिळत असणारच. काय गिळते ते शोधायचं मी मनावर घेतलं. त्यांच्या किराण्याच्या पिशवीत डोकावले, तर खाण्याच्या सोड्याचं पाकीट! सापडली चोरी, म्हटलं.

त्याच वर्षी लेकीचा दिवाळसण होता. सासर वारणानगरचं. जावई पहिल्यांदाच राहायला येणार. लेक आदल्या दिवशी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, करंज्या तेवढ्या काकींकडून करून घे हं. ह्यांना कडक चालत नाहीत."

पोटची पोर! मी ठरवलं, माझ्या जावयाच्या ताटात त्या बाईची करंजी पडू द्यायची नाही.

पीठ भिजवलं, सोडा घातला, चांगला सढळ हातानं. आणि सवयीनं कुटलंही. पहिला घाणा कढईत सोडला तशा सगळ्या करंज्या हसल्या. तोंडं उघडली, सारण बाहेर, तूप काळं, साखर जळाली. दुसऱ्या घाण्याची तीच गत. वास भिंतीपलीकडे गेला आणि वहिनी आल्याच.

"काय पेटवलंस गं शेजारणी?"

कढईत बघून त्यांनी परातीतलं पीठ चाखलं. "सोडा? करंजीत? अगं, भज्यात घालत्यात!"

"तुम्ही आणता की," मी पुटपुटले.

"पोरांच्या भज्यांसाठी! सांगितलं ते करायचं सोडून माझ्या पिशव्या हुंगतीस व्हय?"

मग पदर खोचून खाली बसल्या. पारी त्यांनी केली, सारण माझं उरलेलं भरलं. आता गल्लीभर होणार, जावयाला कळणार, या धास्तीनं झोप उडाली.

झालंही तसंच. फराळाच्या वेळी वहिनी दारात हजर. जावयानं करंजी मोडली, पापुद्रे बघून म्हणाला, "वा!"

"पावणं, पारी माझी हाय," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या. मला वाटलं, आता उठून माजघरात जावं. "पण पारीचं काय घेऊन बसलासा? सारण खावा. असलं मला जन्मात जमलं न्हाय. लई जळतो मी हिच्यावर. आणि कृती इचारली की बया जायफळ तेवढं गिळतीया!"

सगळे हसले. मीही हसले, दात दाखवण्यापुरती.

पुढं वहिनींची पोरं नोकरीला बाहेर गेली आणि वहिनी उचगावला दिलेल्या आपल्या लेकीकडं राहायला गेल्या. गल्ली शांत झाली आणि मला वरवंट्याची चीड येऊ लागली. एका दिवाळीला त्यांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं केलं. थिजलेलं तूप, माठाचं पाणी, झाकून गप बसणं. जमलं. मेलं इतकं सोपं होतं!

डबा भरून उचगावला गेले. वहिनी कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेलेला. त्यांनी करंजी हातात घेतली, मोडली, आणि सगळं सारण बशीत झाडलं.

"साखर बंद केलीया डाक्टरनं."

माझं नावाजलेलं सारण बशीत पडलं होतं. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. वहिनी नुसती पारी खात होत्या, एकेक पापुद्रा सोडवून. बरी म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. दुसरी उचलली. मग तिसरी. पुढच्या दिवाळीला त्या नव्हत्या. पण त्या दिवशी तिसरी संपल्यावर त्यांनी बोट जिभेला लावलं आणि मांडीवरच्या लुगड्यावर सांडलेले कण टिपून टिपून खाल्ले, एकही राहू दिला नाही.