गेनूभाऊंचं खळं

गेनूभाऊ कुठल्याही वस्तूला आधी एक थाप मारायचे आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचे. कलिंगड, एस.टी.चा पत्रा, जावयाची पाठ, सगळ्यांना एकच न्याय. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ओतूरच्या स्टँडमागच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात शिरल्या शिरल्या त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर हाणलेली थाप अजून घुमते. डब्यातल्या सतरा फ्लॉप्या उठून उभ्या राहिल्या! खोटं वाटत असेल तर फ्लॉप्यांना विचारा.

"पोकळ न्हाई," ते म्हणाले. "कामाचा हाय."

चाळीस वर्षं तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेला माणूस. त्यांनी ओतुरात थाप मारली की तिकडे घाटघरच्या म्हशी पान्हा सोडायच्या. पण त्या दिवाळीत अंगावरून वारं गेलं आणि डावा हात लुळा पडला. ढोलकीचा घुमारा डाव्या हाताचा, तोच गेला. फडमालक बबनशेठांनी सांगून टाकलं होतं, चैत्रातल्या जत्रेत नव्या लावणीचा ताल उभा केलास तर ठीक, नाहीतर पुण्याहून इलेक्ट्रॉनिक पॅडवाला आणतो. जत्रा तीन आठवड्यांवर होती.

आणि मी तर तेव्हा संगीतरचनेचं सॉफ्टवेअरच लिहीत होतो! "एक काय, दहा डावे हात देतो!" मी ओरडलो. आठ दिवस अन्नाला शिवलो नाही (भजी धरायची नाहीत) आणि स्क्रीन असा सजवला की नवरदेवाची घोडी लाजावी. डावीकडून उजवीकडे जाणारी पट्टी, तिच्यावर बोलांचे चौकोन, वर बेचाळीस बटणं.

गेनूभाऊ बघत बसले. पट्टीवरून सरकणारी रेघ उजव्या टोकाला पोचून टुणकन डावीकडे उडी मारायची, की हे प्रत्येक वेळी दचकायचे.

"मास्तर, ह्यो गडी चाललाय कुठं? डिंभ्याच्या एस.टी.वानी गेला तो गेलाच! ताल असा जातो व्हय?"

"मग कसा जातो?"

त्यांनी माझं मनगट धरून मला थेट पुतण्याच्या खळ्यावर नेलं. ज्वारीची मळणी चालली होती. मधोमध तिवड्याचा खांब, त्याला जुंपलेले चार बैल गोल फिरत होते.

"त्यो पांढरा आपल्या म्होरनं गेला, की सम. पुन्यांदा आला, पुन्यांदा सम. ताल फिरतोय राव, पळत न्हाई! आन् हाकणाऱ्याच्या हातात काठ्या किती?"

"एक."

"तुमी बेचाळीस दिल्यात. बैल बुजंल न्हाई तर काय!"

मी क्लासवर धावत आलो तो वाटेत एक जीप मागे टाकून. पट्टी उडवली, बटणं उडवली. स्क्रीनवर उरलं गोल खळं, मधे खांब, कडेला दाणे. मोठा दाणा म्हणजे भरगच्च घुमारा, बारीक दाणा म्हणजे हलका. गेनूभाऊ स्वतः दाणे मांडायला बसले. माऊसही थापेनंच दाबायचे. तीन माऊस धारातीर्थी पडले, पण लावणीचा ताल उभा राहिला. असा, की ऐकताना माझेच पाय खुर्चीखाली नाचायला लागले!

तालमीत मात्र घोळ झाला. लावणी रंगात आली, लय चढली, आणि खळं आपलं जुन्याच चालीनं फिरत राहिलं. नाचणाऱ्या सुमनबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचा डावा हात नव्या सुनंवानी लाजतोय!"

जत्रा चार दिवसांवर. गेनूभाऊंनी चप्पल काढली, कीबोर्ड जमिनीवर ठेवायला लावला आणि सगळ्यात लांब बटणावर पायाचा अंगठा टेकवला. "काठी हितं द्या."

दिली. दर समेला अंगठा पडायचा आणि खळं त्याच्या लयीत फिरायचं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा, म्हणजे गावापुढे नुसत्या लावण्यांचा खेळ. कॉम्प्युटर पडद्याआड, कीबोर्ड पायाशी, उजवा हात ढोलकीवर. सुमनबाई वाऱ्यासारख्या सुटल्या आणि घुमारा त्यांच्या घुंगरांना चिकटून धावला. मंडपातले फेटे इतके उंच उडाले की दोन अजून खाली आलेले नाहीत!

पुढच्याच रांगेत खोड काढायला बसलेले बबनशेठ घाईघाईनं मागे आले. त्यांनी पेटीवाल्याच्या मागे पाहिलं, पडद्याखाली पाहिलं.

"गेन्या, डाव्या अंगाला कोण बशिवलाय? पॅडवाल्याला नको म्हून सांगतो, पर त्यो गडी दाव आधी."

गेनूभाऊंनी लुळा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"माझाच हाय, शेठ. जरा लांबनं येतो, येवढंच."