काटेसावरीखाली

वाशीममध्ये वसंत आल्याची घोषणा दरवर्षी मी करतो. या पदावर मला कोणी नेमलेलं नाही. बसस्टँडाजवळच्या कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळू लागली, तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली, की सकाळचा फेरफटका आटोपून मी चहाच्या टपरीवर वसंत जाहीर करतो. टपरीवाला मान न वळवता "बरं" म्हणतो.

यंदा बायकोनंही सोबत यावं म्हणून मी हट्ट धरला. तळ्याकाठची काटेसावर फुलली होती. अंगावर पान नाही, नुसती लालभडक फुलं. पण बायकोला फुललेल्या झाडांची धास्ती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तिला एकच मधमाशी चावली. चेहरा सुजला, श्वास अडकला, ऑक्सिजन लावावा लागला. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"तिथं मोहोळ तं नाही ना?" तिनं विचारलं.

"अख्खं झाड पाहून आलो," मी म्हणालो. पाहिलं होतं ते रस्त्यावरून, आणि तेही फक्त फुलंच.

निघताना मी मनगटाला अत्तर लावलं.

"हे कायले? वसंताले जावई करून आनाले चालले का?"

"सोयरीक जमली तं बरंच हाय."

सकाळचा गारठा होता. फुलांत चोची बुडवून मैना आणि कावळे भांडत होते. झाडाखाली जाऊन मी दोन्ही हात पसरले, भाषणासाठी मान वर केली आणि डोक्यावरच्या आडव्या फांदीची काळी साल हलली. वारा अजिबात नव्हता. पुन्हा एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. ती साल नव्हती. सुपाएवढं आग्या मोहोळ होतं.

ओरडलो असतो तर बायको पळाली असती, आणि माश्या उठल्या असत्या. मी बोलत राहिलो. काय बोललो, आठवत नाही. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. "चाल, आधी चहा घेऊ," म्हणत तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात एक माशी तिच्या शालीवर उतरली आणि मानेकडे चालू लागली.

मी तळहात मध्ये आडवा धरला. माशी त्यावर चढली. अत्तराच्या मनगटाशी थांबली, गोल फिरली. मला चावली असती तरी नांगीतल्या विषाच्या वासानं बाकीच्या खाली आल्या असत्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. पाठीवर घाम, आणि हात असा धरलेला, जणू त्यावर काठोकाठ भरलेला पेला आहे. टपरीच्या अलीकडे माशी आपसूक उडून गेली.

बाकावर बसल्यावर माझा चहा आला. बायकोनं तो बशीत ओतला.

"मोहोळ मले तुमच्या आधीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी नाटकवाले. बोंबलसान म्हनून भेव वाटलं." मग बशीकडे बघत म्हणाली, "पाहून आलो म्हनले होते ना?"

त्या दिवशी टपरीवर वसंत जाहीर झाला नाही.

ती अजून येते फिरायला. प्रत्येक झाडाच्या अलीकडे रस्त्यावर थांबते आणि विचारते, "पाह्यलं?" मी पुढे जातो, एकेका फांदीचा खालचा भाग बघतो. फुलं नंतर. कधी कधी साल हलल्यासारखी वाटते आणि मी तिथंच उभा राहतो. ती परत विचारत नाही. उत्तर येईपर्यंत थांबते.