उलटी फिरलेली मोटर

मोटर उलटी फिरत होती. पट्ट्यावरची सरकी गोदामाकडे जायची, ती परत जिनांखाली, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांखाली, येऊन पडत होती. खामगावच्या त्या जिनिंगमध्ये हंगाम भरात होता, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. शेठजींनी जिनं बंद केली आणि मला बोलावलं.

मी तिथे इलेक्ट्रिक असिस्टंट होतो. नागपूरची बी.एस्सी. आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. वडील अंगठा उठवायचे. हे मी आजही छाती काढून सांगतो.

बायको बाळंतपणाला माहेरी, जानेफळला. मुलगी दोन महिन्यांची झाली तरी मी तिला पाहिली नव्हती. बायकोला लिहिता येत नसे. तिनं सांगायचं, गावच्या गुरुजींनी लिहायचं. 'पोरगी हसाले लागली. केव्हा येता?' एवढंच शेवटचं पत्र. नागपूरहून दुरुस्त होऊन आलेली मोटर चालू झाली की चार दिवस जा, असं शेठजी म्हणाले होते. त्यामुळे ती नीट फिरावी याची घाई शेठजींपेक्षा मला जास्त होती.

गुलाब मिस्त्री घामाघूम होऊन बसला होता. वीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस.

"तीनदा वायरा पलटवल्या, बाबू. जिद्दी हाय लेकाची."

"डायनामोकडून येते त्या दोन्ही?"

"मंग? तुमच्या कालेजात काय अर्धंच पलटवतेत?"

"हाव. अर्धंच."

मोटरीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एक लोखंडाला चुंबक बनवते, ती फील्ड. दुसरी आत फिरते, ती आर्मेचर. चुंबक आणि आतला करंट मिळून धक्का देतात. बाहेरच्या वायरा पलटवल्या की चुंबकही उलटतो, करंटही उलटतो. दोन्ही उलटले म्हणजे धक्का होता तिकडेच. पुस्तकात चुंबकाचा बाण उत्तर टोकातून बाहेर निघालेला काढतात. तो माणसांनी केलेला ठराव. उद्या सगळ्यांनी तो उलटा काढला आणि धक्क्याची दिशा सांगणारा हाताचा नियमही त्याप्रमाणे बदलला, तरी चाक जायचं तिकडेच जाईल.

हे मी पाठ केलं होतं. हातानं कधी केलं नव्हतं. स्विच बंद केला, मोटरीवरचा वायरांच्या जोडण्यांचा डबा उघडला, फील्डची तेवढी दोन टोकं अदलाबदल केली. स्विच दिला. सरकी गोदामाकडे निघाली.

"म्या तीन घंटे घातले न," मिस्त्री पुटपुटला.

शेठजी खूश. "शिकेल माणसाची बातच अलग."

"मग शेठजी, उद्या निघू?"

"कुठं? तुम्ही गेले अन् हे पुन्हा बिघडली तं? होळीनंतर जा. चार काऊन, दहा दिवस जा."

"मले दाखवून द्या, म्या पाहतो," मिस्त्री म्हणाला. "लेकरू हाय त्यायचं तिकडं."

"तू पाहेलच हाय सकाळपासून."

होळीनंतर गेलो. मी हात पुढे केले तर पोरीनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. माझ्याकडे यायला तिला पाच दिवस लागले. तोवर मी अंगणात बसून ती दुसऱ्यांकडे पाहून हसते ते पाहत होतो.

नव्या पोरांना मी दोनच गोष्टी सांगतो. मोटर उलटी फिरली तर फक्त फील्डची टोकं बदला. आणि रजेच्या अर्जावर सही झाल्याशिवाय डबा उघडू नका.